थोरला किती वाढणार

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एकाच वेळी चार ठिकाणी होता. निदान त्यांचं तरी तसं ठाम मत आहे. एक भिंगरी फाटकाशी रखवालदाराला आपण कोण ते सांगत होता, दुसरा औषधांच्या कपाटापुढे उभा राहून लेबलं वाचत होता, तिसरा हौदात कोपरापर्यंत हात घालून पाणी किती गार आहे ते बघत होता, आणि चौथा बाईंच्या समोर उभा राहून म्हणत होता, "नमस्कार, मी आकडेवाला." हे चौघे एकवटून त्यांचा एक माणूस होईपर्यंत बाईंनी हातातलं इंजेक्शन खाली ठेवून दिलं. अशा माणसाच्या आसपास उघडी सुई धरू नये, एवढं त्यांना कॉलेजात न शिकवताही कळलं.

"बसा," त्या म्हणाल्या, आणि तिथेच चुकलं.

अंगणात बसण्याजोगी एकच वस्तू त्याला दिसली. करडी, गोल, गुडघ्याच्या उंचीची. तो तिच्यावर बसला आणि बोलू लागला. आपण झाडांच्या खोडांची वाढ कशी मोजली, मग मुलांच्या इस्पितळात बाळांची वजनं कशी मोजली, वाढणारी वस्तू कुठलीही असो, ती कुठे जाऊन थांबणार हे सांगणं हा आपला धंदा कसा आहे, वगैरे. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं की आवाज लांबून येतोय.

"डॉक्टर," तो फाटकाजवळून ओरडला, "तुमचं हे स्टूल चालतंय!"

"ते स्टूल नाही! तो थोरला आहे! उठा आधी!"

थोरला म्हणजे केंद्रातलं सर्वांत मोठं कासव. पुढे बाई ही हकिकत सांगत तेव्हा थोरला भिंगरीला पाठीवर घेऊन कधी फाटकापर्यंत, कधी चौकापर्यंत, तर एकदा पाहुण्यांसमोर पार टपाल कचेरीपर्यंत जाऊन आला. गोष्टीतलं हे अंतर दर खेपेला वाढत गेलं. ते कुठे थांबणार याचं गणित मात्र भिंगरीनेही मांडलं नाही.

भिंगरी हे अर्थात त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते त्याला रखवालदाराने पहिल्याच आठवड्यात दिलं, आणि ते इतकं बरोबर बसलं की पगारपत्रकावरचं नाव पाहून लोक विचारत, "हा कोण नवीन?" पायाला भिंगरी असलेली माणसं बरीच असतात. याला ती गुडघ्याला होती, बोटांना होती, भुवयांना होती. खुर्चीत बसला तरी खुर्ची जागा बदले. आणि अशा माणसाच्या नशिबी काम काय यावं, तर कासवांची वाढ मोजण्याचं. देवाला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी त्याला एकदा भेटायला हवं होतं.

कामाचं कारण साधं होतं. शहराच्या कडेला, पाण्याच्या टाक्यांच्या मागे, हे कासवांचं केंद्र होतं. कुठून कुठून सोडवून आणलेली कासवं. त्यांची जातकुळी कोणालाच धड माहीत नाही. अंगण जुनं आणि अरुंद. कासवं भिंतीला घासून घासून चालत, त्यामुळे भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर सगळीकडून एक गुळगुळीत पट्टा उमटला होता, आणि तितकाच गुळगुळीत पट्टा कासवांच्या पाठीच्या कडांवर. तो पट्टा दिसला की डॉक्टरीणबाई त्यावरून हात फिरवत उभ्या राहत. शेजारी मोकळा प्लॉट होता. तिथे मोठं कुंपण व्हावं, मधे झुडपं असावीत, आपल्या कासवांना आयुष्यात एकदा तरी भिंतीला न घासता चालता यावं, हा त्यांचा ध्यास होता. त्यांना मूलबाळ नव्हतं, नवरा बोटीवर असे, आणि कासवं दीर्घायुषी. असा सगळा जमाखर्च.

मोठ्या साहेबांची ना नव्हती. त्यांची कशालाच ना नसे, फक्त नियम असत. "प्राणी पुरा वाढल्यावर जेवढा होईल त्या मापानं कुंपण," ते म्हणाले होते. "आकडा आणा, जागा घ्या. उरेल त्यात पाहुण्यांच्या गाड्या लावू." आता कासव पुरं वाढल्यावर केवढं होणार, हे कासवालाही ठाऊक नसतं. म्हणून आजवर दर वर्षी टिपलेल्या मापांवरून ते काढायला करारावर आकडेवाला आला.

त्याने बाईंना ते सगळं अंगणाच्या भिंतीवर खडूने काढून दाखवलं. आधी हळू चढणारी, मग झपाट्याने चढणारी, मग दमून आडवी होणारी एक रेघ.

"प्रत्येक कासवाची अशी एक रेघ. तीन गोष्टी कळल्या की रेघ कळली. शेवटी कुठे थांबणार, जोर कधी धरणार, आणि किती जोरात. पण गंमत अशी की सगळी कासवं एका घराण्यातली, म्हणून वळण एकच. आणि तरी व्यक्ती तितक्या प्रकृती. थोरला आधाशी. मावशी सावकाश. दगडू तर वाढतोय की नाही हेच कळत नाही. माझ्या मॉडेलला, म्हणजे या सगळ्या रेघांच्या गणिताला, दोन्ही सांभाळावं लागतं. घराण्याचं वळणही, आणि ज्याचा त्याचा हेकाही."

"म्हणजे सुनेसारखं," बाई म्हणाल्या.

"अगदी! आणि सुनेसारखंच दोन्हीकडून बोलणी खातं."

पहिले काही आठवडे ती बोलणी कॉम्प्युटर खात होता. या कामाच्या सॉफ्टवेअरची एक खोड असते. त्याला आधी आपण अंदाजाने आकडे सांगायचे, मग ते तिथून एकेक पाऊल टाकत खऱ्या आकड्यांकडे जातं. अंदाज फार चुकला तर ते वाट चुकतं, पाऊल निम्मं करतं, पुन्हा निम्मं करतं, पुन्हा निम्मं, आणि शेवटी तांबड्या अक्षरांत कळवतं की पाऊल इतकं लहान झालंय की आता पुढे जाण्यात अर्थ नाही. भिंगरीला हा व्यक्तिगत अपमान वाटे. जन्मात ज्याने पाऊल निम्मं केलं नाही, त्याला मशीनने हे सुनवावं! तो उठे, व्हरांड्यातून टाकीपर्यंत जाई, परत येई, अंदाज बदले, पुन्हा तांबडी अक्षरं, पुन्हा टाकी. मॉडेल कुठवर आलंय हे साहेबांना विचारावंच लागत नसे. व्हरांड्याच्या फरशीवरून कळे.

"एक सुचवू का?" बाई एकदा म्हणाल्या. "तुम्ही कासवाकडून सगळंच एकदम मागताय. प्रत्येकाचा हेका तिन्ही गोष्टींत कशाला? सध्या एकातच धरा. केवढं होणार, एवढ्यातच."

त्या बिचाऱ्या औषधाच्या मात्रेच्या हिशेबाने बोलल्या होत्या. जमेना तेव्हा कमी द्यायचं. पण भिंगरी जागच्या जागी थबकला, आणि हे इतकं दुर्मिळ होतं की रखवालदार उठून बघायला आला. मग तो धावत सुटला. त्याने तेच केलं, आणि मॉडेल बसलं, म्हणजे रेघा मापांवर जुळल्या. हळूहळू एकेक हेका परत आत घेतला, तरी बसलेलंच राहिलं. पुरं वाढलेलं कासव: सव्वाशे सेंटिमीटर.

सव्वाशे! बाईंना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या आकड्याला मिठी मारावी असं वाटलं. सव्वाशेच्या हिशेबाने जवळजवळ सगळा प्लॉट कासवांचा होत होता. साहेबांनी नकाशा काढायला सांगितला. बाई सुतळी आणि खुंट्या घेऊन प्लॉटवर गेल्या आणि कुठे झुडूप, कुठे चिखलाचा खड्डा, कुठे सावली, असं सगळं जमिनीवर आखून आल्या. त्या दिवशी त्यांनी थोरल्याला दोन जुड्या पाला जास्त घातला आणि त्याच्या कानाशी, म्हणजे जिथे कान असावा असं वाटतं तिथे, म्हणाल्या, "ऐट आहे बाबा तुझी."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण शनिवारी भिंगरीची बायको केंद्रावर आली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि दिवसभर "आता बरं दिसतं की मघाशी?" असं विचारून तिच्या आवाजाला एक शांतपणा आलेला होता. भिंतीच्या कट्ट्यावर बसून ती म्हणाली,

"डॉक्टर, मॉडेल बसलं म्हणतात. मग हा का बसत नाही?"

"म्हणजे काय हो, वहिनी?"

"दात घासताना जिना चढउतर करतो. काल मुलीला दारात उभं करून तिची उंची घेतली, परवा घेतली होती तरी. ती म्हणाली, बाबा, मी एका दिवसात किती वाढणार? तर म्हणतो, तेच तर मला कळत नाहीये. आजवर नोकऱ्या कितीक सोडल्या, मी हूं की चूं केलं नाही. पण गणित सुटल्यावर हा असा कधी नसतो. त्याला काहीतरी खुपतंय."

"पण आकडा तर छान आलाय!"

"तेच म्हणते मी. त्याला छान आकडा सोसत नाही."

बाईंच्याही जिवाला तिथून घोर लागला. सोमवारी त्या स्वतःहून भिंगरीच्या खोलीत गेल्या. कासवांच्या रेघांचे कागद त्याने भिंतीभर चिकटवले होते आणि तो त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालत होता.

"हे बघा," तो म्हणाला. "मॉडेल सांगतं तिथून खरं माप किती वर-खाली पडलं, ते हे ठिपके. ठिपके कसे हवेत? मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे, कुठेही. आणि इथे बघा. एका वर्षापर्यंत सगळे खाली. त्या वर्षी सगळे एकदम वर. थोरला, मावशी, दगडूसुद्धा! दगडूला कधी कशाची घाई झालीय? सगळ्यांना एकाच वर्षी अशी भूक कशी लागली?"

बाईंनी वर्ष पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, त्यात कोडं कसलं? त्या वर्षी मी आले! आधीचे डॉक्टर त्यांना वाळकं गवत घालायचे. मी ताजा पाला सुरू केला. मी तर परिषदेत भाषण केलंय त्यावर. टाळ्या पडल्या होत्या."

टाळ्यांचा उल्लेख झाल्यावर कोणीही निदान "वा" म्हणतं. भिंगरी तेवढंही म्हणाला नाही.

"मला एक माप घेऊन दाखवता?" त्याने विचारलं.

दोघं अंगणात गेले. थोरला भिंतीशी होता. बाईंनी खिशातून शिंप्याकडची असते तशी टेप काढली, तिचं एक टोक मानेपाशी धरलं, टेप पाठीवरून नेली, घुमटावर चढवली, पलीकडे उतरवली आणि शेपटीपाशी आणून मोठ्या कौतुकाने वाचली.

"बाई," भिंगरी फार हळू बोलला, "या गावाहून त्या गावाला जायचं तर डोंगर चढून का जाता?"

"म्हणजे?"

"आधीचे डॉक्टर कशानं मोजायचे?"

ते बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. त्या आल्या तेव्हा आधीचे डॉक्टर निवृत्त होऊन गावी गेलेले. पण आठवता आठवता त्यांची नजर दवाखान्याच्या खिडकीकडे गेली. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिच्यात एक लाकडी सांगाडा अडकवलेला होता. लांब पट्टी, एका टोकाला उभी फळी, दुसरी उभी फळी सरकणारी. बाईंनी तो पहिल्या दिवशी कपाटामागे पाहिला होता आणि सुताराचं काहीतरी राहिलंय असं समजून खिडकीला लावला होता. तेव्हापासून त्याने चोख काम केलं होतं. खिडकी एकदाही आपटली नाही.

भिंगरीने तो काढला. खिडकी धाडकन आपटली. एक फळी थोरल्याच्या मानेशी, दुसरी शेपटीशी, मधली पट्टी सरळ. डोंगर न चढता, बोगद्यातून. पट्टीवरचा आकडा टेपच्या आकड्यापेक्षा चांगला वीतभर कमी होता.

थोरला दोघांकडे बघत होता. तो एका मिनिटात वीतभर आखडला होता, पण त्याने मनाला लावून घेतलं नाही.

"म्हणजे," बाई हातातली टेप गुंडाळत म्हणाल्या, "तो पाला..."

"पाल्यानं तकाकी आली असेल," भिंगरी घाईघाईने म्हणाला. "नक्की आली असेल. मला तर आत्ताच दिसतेय."

मग एकेका कासवाला दोन्ही तऱ्हांनी मोजणं झालं. त्यात पुरा दिवस गेला. भिंगरीने टेप आणि पट्टी यांतला फरक मॉडेलमध्ये घातला, ते पुन्हा चालवलं, आणि या खेपेला ते एकही तांबडं अक्षर न दाखवता बसलं. ठिपके फुटलेल्या वारुळासारखे पसरले. पुरं वाढलेलं कासव: शंभराला दोन कमी.

भिंगरी खुर्चीत बसला होता. दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर, स्वस्थ. त्याला तसं बघून बाईंना कसंसंच झालं. आणि लगेच कळलं की भिंगरीच्या पायातलं ते सगळं आता आपल्या पायात आलंय, कारण त्या उभ्या होत्या आणि दारापर्यंत जाऊन परत येत होत्या.

"कोणाला सांगितलंत?"

"नाही."

"मग नका सांगू. नकाशा झालाय. जरा मोठी जागा मिळाली तर कोणाचं काय जातं? चार गाड्या रस्त्यावर लागतील!"

"कोणाचं काही जात नाही."

"मग?"

"मग काही नाही. आकडा माझा, टेप तुमची. तुम्ही म्हणाल तसं. मी गप्प बसेन."

"तुम्ही? गप्प? आणि बसाल?"

"एक करून बघेन. दोन्ही एकदम जमेलसं वाटत नाही."

बैठकीपर्यंतचे दिवस बाईंनी कसे काढले ते कासवांना विचारावं. मावशीच्या डोळ्याचं औषध दगडूच्या डोळ्यात गेलं. प्लॉटवर जाऊन त्यांनी खुंट्या उपटल्या आणि पुन्हा ठोकल्या. घरी नवऱ्याचा बोटीवरून फोन आला, तेव्हा त्या बोलता बोलता सगळ्या घरातून इतक्या फिरल्या की तो म्हणाला, "अगं, तू बोटीवर आहेस की मी?" त्यांच्या बाजूने सगळं बरोबर होतं. कासवांना जागा हवी होती हे खरं. भिंतीचा तो गुळगुळीत पट्टा खरा. मग एक आकडा जरासा फुगलेला असला तर काय बिघडलं? असं दिवसभर स्वतःला पटवायचं आणि संध्याकाळी ते सगळं पटवणं पुसलं जायचं, जशी पाण्याने खडूची रेघ.

बैठकीला साहेब प्रसन्न होते. नकाशा टेबलावर पसरलेला. भिंगरी बाईंच्या शेजारी, दोन्ही हात मांडीखाली दाबून, तोंड मिटून. त्याचं गप्प बसणं असं होतं की टेबल थरथरत होतं आणि साहेबांच्या चहाच्या कपात वर्तुळं उठत होती.

"भूकंप वगैरे होतोय का?" साहेबांनी विचारलं. कोणी हसलं नाही. "तर सव्वाशे. हा आकडा पक्का ना?"

भिंगरीने बाईंकडे पाहिलं. कपातला चहा बशीत सांडला. बाईंनी नकाशाकडे पाहिलं, त्यावरच्या बारीक हिरव्या झुडपांकडे, आणि त्या होकाराची मान हलवणारच होत्या.

"उत्तम," साहेब म्हणाले. "आणि बाई, यातली गोम माझ्या लक्षात आली आहे. तुम्ही आल्यापासून कासवं दुपटीनं वाढली. तो तुमचा पाला! मी ठरवलंय, सगळ्या केंद्रांना पत्र पाठवतो. वाळकं गवत बंद, बाईंचा पाला सुरू. कोणतंही कासव असो."

"कोणतंही?" बाईंच्या तोंडून निघालं.

"सरसकट!"

आता बाईंना पक्कं ठाऊक होतं की कोरड्या माळावरच्या कासवांना असा ओला पाला नुसता घातला तर पोटं बिघडून ती आठवड्यात आडवी होतील. त्यांना ती कासवं दिसली. कुठल्या तरी केंद्रातली, कधी न पाहिलेली, कोणाचा तरी थोरला, कोणाची तरी मावशी. त्या उभ्या राहिल्या. खुर्ची मागे पडली.

"साहेब, पाल्यानं काही झालेलं नाही. मी चुकीचं मोजलं. आधीचे डॉक्टर सरळ मोजायचे, मी पाठीवरून मोजलं, आणि दोन्ही मापं एकत्र झाली. खरा आकडा अठ्ठ्याण्णव आहे. यांनी शोधून काढलं. मीच यांना गप्प बसवलं होतं."

टेबल थरथरायचं थांबलं.

साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नकाशावर एक सरळ रेघ मारली, झुडपांच्या मधून, आणि रेघेच्या पलीकडे लिहिलं: गाड्या.

"आणि ते भाषण?" त्यांनी विचारलं. "परिषदेतलं?"

"तेही कळवते मी त्यांना."

"कळवा. चहा घ्या. तुमचाही सांडलेला दिसतोय."

बाहेर आल्यावर व्हरांड्यात दोघं उभे राहिले. बाईंचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते नाक शिंकरण्यात घालवले.

"मी नसतो बोललो, बाई," भिंगरी म्हणाला.

"माहीत आहे."

"खरंच नसतो बोललो. फार तर टेबल मोडलं असतं."

"अहो, माहीत आहे म्हटलं ना!" त्या ओरडल्या, आणि मग हसू आवरेना म्हणून कठड्याला टेकल्या. भिंगरी टाकीपर्यंत गेला आणि परत आला. बाईही त्याच्याबरोबर गेल्या आणि परत आल्या. रखवालदाराने कपाळाला हात लावला. आता भिंगऱ्या दोन झाल्या.

कुंपण अठ्ठ्याण्णवच्या मापाने झालं. जुन्या अंगणापेक्षा बरंच मोठं, बाईंच्या मनातल्यापेक्षा बरंच लहान. कासवं तिकडे नेली. थोरला नव्या जागेत एक फेरी मारून भिंतीच्या कोपऱ्यात डोकं घालून झोपला. मॉडेल बसलं होतं, त्यामुळे आकडेवाल्याला काम उरलं नव्हतं, आणि महिनाअखेरीस भिंगरीचा करार संपला तो पुढे वाढवला नाही. त्याच्या खोलीत आता झेरॉक्सचं मशीन आहे.